फरकोटातला मासा

मासा आणि फरचा कोट यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हांला वाटेल. पण रशियात नववर्षाच्या आदल्या रात्री, म्हणजे ३१ डिसेंबरला, जवळजवळ प्रत्येक घरातल्या टेबलावर हे दोघे एकत्र येतात. पदार्थाचं नाव ‘सेल्योदका पद शूबोय’. सेल्योदका म्हणजे खारवलेला हेरिंग मासा आणि शूबा म्हणजे थंडीत घालायचा फरचा कोट. लाडानं नुसतं ‘शूबा’ म्हटलं तरी चालतं. माशावर कांदा, बटाटा, गाजर, बीट असे एकावर एक थर देऊन त्याला असं काही पांघरूण घालतात, की वरून दिसते ती फक्त जांभळट गुलाबी टेकडी. तिकडं याला सॅलड म्हणतात. आपल्या कोशिंबिरीच्या कल्पनेत मात्र ते बसणार नाही.

मी मॉस्कोत १९८४ ते १९८९ अशी पाच वर्षं शिकायला होते. तिथं गेल्यावर पहिलं आश्चर्य वाटलं ते हे, की आपल्या दिवाळीइतकं महत्त्व त्या एका रात्रीला आहे. याला कारणही तसंच आहे. क्रांतीनंतर नाताळच्या सणावर सरकारची वक्रदृष्टी होती आणि नाताळचं झाडही बंद पडलं होतं. ते १९३५ च्या अखेरीस परत आलं, पण नववर्षाचं झाड म्हणून. पुढं १९४७ च्या डिसेंबरात एक जानेवारीची सुट्टी जाहीर झाली. त्यामुळं हा सण कुठल्याच धर्माचा राहिला नाही. रशियन, युक्रेनियन, कझाक, ज्यू, आर्मेनियन, सगळ्यांच्या घरी तोच दिवस, तेच झाड आणि थोड्याफार फरकानं तेच टेबल. आपण हॉटेलात ज्याला ‘रशियन सॅलड’ म्हणतो त्याचं तिकडचं भावंड, ऑलिव्हिए, हेही त्या टेबलावर असायचंच. पण ते राहू द्या. आज शूबा.

भाज्यांची नावं पुन्हा एकदा बघा. कांदा, बटाटा, गाजर, बीट. डिसेंबरात, बाहेर बर्फ साचलेलं असताना, तळघरात साठवून टिकणाऱ्या या भाज्या. म्हणजे रोजच्या सूपमध्ये पडणारं सामान तेच. खारवलेला हेरिंगही तसा गरिबाचाच मासा. या सगळ्यात सणाची चीज एकच, मेयोनेझ. ते सहज मिळायचं नाही. कुठल्या दुकानात आलंय अशी कुणकुण लागली की रांग लागायची आणि काचेची ती छोटी बरणी डिसेंबरच्या सुरुवातीपासून जपून ठेवली जायची. रिकामी झालेली बरणीही कुणी टाकत नसे. तिच्यात मुरंबा भरत, रोपं लावत, आणि दवाखान्यात तपासणीचे नमुनेसुद्धा त्यातूनच नेत!

आता कृती. सहा ते आठ माणसांसाठी दोन मध्यम खारे हेरिंग, तीन बटाटे, दोन गाजरं, दोन बिटं, एक कांदा, दोन अंडी आणि साधारण दोनशे ग्रॅम मेयोनेझ. भाज्या सालासकट उकडायच्या. बिटाचं शेपूट कापायचं नाही, नाहीतर रंग सगळा पाण्यात जातो. मग त्या पूर्ण गार होऊ द्यायच्या. इथं घाई केली की मेयोनेझ पातळ होऊन थर घसरतात. गार झाल्यावर सोलून जाड किसणीवर किसायच्या, पण प्रत्येकीचा कीस वेगळ्या ताटलीत. बीट सगळ्यात शेवटी, कारण त्याचा रंग किसणी सोडत नाही आणि बोटंही सोडत नाही.

खरी परीक्षा माशाची. हेरिंग शिजवायचा नाही. मिठाच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरताना माशाच्या अंगच्याच पाचक द्रव्यांनी त्याचं मांस मऊ होतं आणि त्याला ती लोण्यासारखी चव येते. डोकं आणि पोटातलं काढून पाठीवर चीर द्यायची, डोक्याकडून शेपटीकडे साल ओढून काढायची, मधला काटा उचलायचा आणि मग बसायचं चिमटा घेऊन. तारलीसारखे केसाएवढे काटे असतात. हे सगळं वर्तमानपत्रावर करायचं, म्हणजे टेबलाला वास लागत नाही. (वर्तमानपत्राचा हा उपयोग संपादकांनी मनावर घेऊ नये.) मासा फार खारट लागला तर तासभर दुधात किंवा गार चहात बुडवून ठेवतात. मग बारीक तुकडे. कांदा बारीक चिरून त्यावर उकळतं पाणी ओतायचं, उग्रपणा जातो.

मग थर. मासा, त्यावर कांदा, बटाटा, गाजर, अंड्याचा पांढरा भाग आणि शेवटी बीट. मध्येमध्ये मेयोनेझचा पातळ हात फिरवायचा, बिटावर जरा सढळ. वर पिवळा बलक किसून भुरभुरवायचा. आणि रात्रभर थंडीत ठेवायचं. लगेच वाढलेला शूबा म्हणजे चार भाज्यांची चार तोंडं. रात्रभर मुरला की बिटाचा गोडवा आणि माशाचा खारटपणा एकमेकांत उतरतो.

या पदार्थाची एक जन्मकथाही सांगतात. क्रांतीनंतरच्या वर्षांत मॉस्कोतल्या एका खाणावळवाल्यानं भांडणारी गिऱ्हाइकं शांत करायला तो केला. मासा म्हणजे कामगार, बटाटा म्हणजे शेतकरी, बीट म्हणजे लाल झेंडा, आणि ‘शूबा’ ही अंधराष्ट्रवादाचा धिक्कार करणाऱ्या घोषणेची आद्याक्षरं. कथा गोड आहे, पण तिला पुरावा नाही. शिवाय मॉस्कोत पावाचंच रेशनिंग होतं त्या काळात खाणावळीत मेयोनेझचे थर कोण देणार? बीट घातलेली हेरिंगची सॅलडं जर्मनीत, स्वीडनमध्ये, एस्टोनियातही जुनी आहेत. कोट बहुधा तिकडून आला आणि सोव्हिएत स्वयंपाकघरांत तो अंगाबरोबर बेतला गेला.

तुमच्यापैकी कुणाला करून बघावंसं वाटलं तर एक विनंती. हेरिंग नाही म्हणून घरी बांगडा मिठात घालून कच्चा वापरू नका. आपल्या हवेत बांगड्यात असं विष तयार होऊ शकतं, जे नंतर शिजवूनही जात नाही. आपला सुका खारा बांगडाही भाजून, तळूनच खायचा. मोठ्या शहरांत कधीकधी तेलातला हेरिंग बाटलीत मिळतो, तो चालेल. डब्यातली तारली घेतलीत तरी छान लागते, पण मग त्याला शूबा म्हणू नये. डब्यातल्या माशाचं ‘मिमोझा’ नावाचं थरांचं सॅलड तिकडं वेगळं आहे, तुमचं त्याच्या जवळ जाईल. शाकाहारी मंडळींसाठी माशाऐवजी खारवलेल्या अळंब्या किंवा समुद्री शेवाळ घालूनही करतात. मी खाल्लंय, बरं लागतं.

वसतिगृहात माझ्या खोलीत दोघी होत्या. एक खारकीवची, एक उरलकडची. दरवर्षी दोघींचा वाद ठरलेला. उरलवाली म्हणायची, ‘कोटाखाली’ म्हणजे मासा तळाशीच हवा. खारकीववाली आधी बटाटा पसरायची, म्हणजे माशाचा रस वाया जात नाही. मी काटे काढायला बसायचे आणि दोघींचं ऐकायचे. खरं सांगायचं तर मला बटाट्याचं पटतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि दोघींचं बोलणं थांबलं. त्या डिसेंबरात खारकीवहून मला निरोप आला. वीज सकाळी थोडा वेळ आली तेव्हाच भाज्या उकडून घेतल्या, असं तिनं लिहिलं होतं. पदार्थाचं नाव तिनं युक्रेनियनमध्ये लिहिलं होतं, ‘ओसेलेदेत्स’. इतकी वर्षं आमचा पत्रव्यवहार रशियनमध्ये होता. तेव्हापासून ती मला रशियनमध्ये लिहीत नाही. मी शब्दकोश जवळ घेऊन वाचते.

उरलवाली तिला फोन करत नाही. मला मात्र एक जानेवारीला न चुकता करते. तब्येत विचारते, मुंबईची हवा विचारते. मग जरा थांबून विचारते, तिनं केला का यंदा? मी म्हणते, केला. बटाटा खालीच घातला असेल, ती म्हणते. हो, मी म्हणते, खालीच.