बसून पाहिल्याशिवाय घेऊ नये

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



‘गृहसजावट’ या विषयावर मी बोलावे अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मला हसूच आले. गृहसजावटीतले मला काय कळते? आमच्या घरात फुलदाणीत फुलांऐवजी विजेची बिले खोवलेली असतात. परंतु अलीकडेच आम्ही घरची सगळी मंडळी नव्या जागेसाठी सामान आणायला गेलो होतो. त्या दिवशी मी जे शिकले ते सांगितले तर आपल्यापैकी एखादीला उपयोग होईल, या विचाराने उभी राहिले आहे.

आमची जुनी चाळ पाडून तिथे इमारत झाली आणि ठाण्याला आम्हाला दोन खोल्या नि दिवाणखाना असा ब्लॉक मिळाला. जुन्या घरातून आले काय, तर गोदरेजचे कपाट, एक खाट आणि पाट. दिवाणखाना अगदी रिकामा. मुलाने आणि सूनबाईने मोबाइलवर पाहून एक ऐसपैस कोच पसंत केला होता आणि रविवारी सर्वांनी तुर्भ्याला ‘आयकिया’च्या दुकानात जायचे ठरले. सर्वांनी म्हणजे आमचे हे, मुलगा, सून, अडीच वर्षांचा नातू, मी आणि ऐंशी वर्षांच्या सासूबाई. “मी कशाला? मला कुठे चालवतं?” असे त्या म्हणत होत्या. पण घराला कुलूप लावायचे होते, म्हणून त्यांना घेतले. खरे सांगते भगिनींनो, त्यांना नेण्याचे कारण तेवढेच होते.

या दुकानाची थोडी माहिती सांगते. स्वीडन देशात १९४३ साली इंगवार कांप्राद या सतरा वर्षांच्या मुलाने हा व्यापार सुरू केला. त्याच्या नावाची दोन आद्याक्षरे, घरच्या शेताचे एक आणि गावाचे एक, अशा चार अक्षरांनी ते नाव बनले आहे. १९५६ च्या सुमारास एक टेबल मोटारीत मावेना, म्हणून त्याचे पाय काढून ठेवले. तेव्हापासून सामान सुटे करून चपट्या खोक्यात विकायचे आणि गिऱ्हाइकाने ते घरी जोडायचे, ही रीत तिथे रुळली. जागा कमी लागते, वाहतूक स्वस्त पडते आणि सुताराची मजुरी आपणच वाचवतो, म्हणून किंमत उतरते. आपल्या देशात हे दुकान २०१८ साली हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला आले. तुर्भ्याचे दुकान ५ लाख चौरस फुटांहून मोठे आहे. आमची अख्खी चाळ त्याच्या एका कोपऱ्यात मावली असती!

आत शिरले की जमिनीवर बाण दाखवलेले असतात आणि त्या वाटेने एकामागून एक सजवलेल्या खोल्या लागतात. दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपायची खोली; दिवे लागलेले, गाद्या घातलेल्या, जणू घरची माणसे आत्ताच उठून बाहेर गेली आहेत. चमचा आणायला आलेल्या माणसालाही पलंग दिसलाच पाहिजे अशी ती रचना. मला तर आपण आजवर संसार केलाच नाही असे वाटू लागले.

मुलाने पसंत केलेला कोच सुरुवातीलाच सापडला. रुंद, मऊ, जमिनीलगत. आम्ही सगळे त्यावर बसलो, नातू उड्या मारू लागला. सासूबाईही बसल्या. आम्ही रंग निवडायला पुढे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही या फिरून, मी बसते इथेच.” दमल्या असतील असे आम्हाला वाटले. मी काही कारणाने मागे वळून पाहिले, तर सासूबाई दोन्ही हात गादीत रोवून उठायचा प्रयत्न करीत होत्या आणि उठता येत नव्हते. एकदा प्रयत्न करायच्या, मग कुणी पाहत नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायच्या आणि पदर सारखा करून पुन्हा स्वस्थ बसायच्या.

मी गेले, हात दिला. उठल्यावर म्हणाल्या, “सूनबाई, मुलांना आवडलाय, घ्या हाच. मी आपली खाटेवर बसेन.”

भगिनींनो, दोष त्या कोचाचा नव्हता. तरुण माणसाला तो उत्तमच. दोष आमचा. घर सहा माणसांचे आणि पसंती चौघांची! त्याहून लाजेची गोष्ट ही, की त्या वेळी मी काहीच बोलले नाही. मुलाचा उत्साह मोडायचे माझ्या जिवावर आले. पण पुढच्या प्रत्येक खोलीत मला आमचाच नवा दिवाणखाना दिसू लागला. सगळी कोचावर गप्पा मारीत आहेत आणि सासूबाई आतल्या खोलीत खाटेवर बसून ते हसणे ऐकत आहेत. एकतीस वर्षांपूर्वी मी या घरात आले तेव्हा चाळीतल्या त्या एका खोलीत त्यांनी स्वतः उंबरठ्याशी बसून मला पंख्याखालची जागा दिली होती. ती मला आठवली.

चहाला बसलो तेव्हा मी बोलले. म्हटले, “ज्या कोचावर आईंना बसून उठता येत नाही, तो आपल्या दिवाणखान्यात नको.” मुलाचा चेहरा उतरला. “आजीला वेगळी खुर्ची घेऊ की,” तो म्हणाला. हे म्हणाले, “आता पुन्हा सगळं पहिल्यापासून?” सासूबाई तर “माझ्यापायी वाद नको” म्हणून रडकुंडीला आल्या. तेव्हा आमच्या सूनबाईने एक साधा प्रश्न विचारला, जो मला एकतीस वर्षांत सुचला नव्हता. “आजी, तुम्हाला यातलं काय आवडलं?”

आणि काय सांगू, सासूबाई घडाघडा बोलू लागल्या! पाय दुखत म्हणून त्या वाटेतल्या प्रत्येक खोलीत बसत आल्या होत्या. आम्ही सगळे नुसते बघत होतो. बसून पाहिले होते ते त्यांनीच. कुठल्या कोचाची गादी घट्ट आहे, कुठल्या खुर्चीचा हात गुळगुळीत आहे, कुठे पाठ टेकते, सगळे त्यांच्या ध्यानात होते. “झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात निळी खुर्ची होती बघ, तिला हात टेकायला लाकडी दांडे आहेत, आणि माझे पाय जमिनीला टेकतात.”

आम्ही बाणांच्या उलट दिशेने मागे गेलो. ती खुर्ची घेतली, आणि मोठ्या कोचाऐवजी दोघांना पुरेल असा घट्ट गादीचा, जरा उंच कोच घेतला. मुलगा थोडा हिरमुसला होता हे खरे. पण घरी खुर्ची जोडताना मजा झाली. जोडणीच्या पुस्तिकेत नुसती चित्रे, अक्षर एकही नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या सासूबाई त्यामुळे इंजिनियर नातवाच्या बरोबरीच्या झाल्या. त्याने एक दांडा उलटा बसवला होता, तो त्यांनी चित्रावर बोट ठेवून दाखवला. मग आजी आणि नातू मिळून त्या वाकड्या किल्लीने स्क्रू पिळत बसले.

आता उपयोगाच्या चार गोष्टी सांगून थांबते. पहिली, निघण्यापूर्वी खोलीचे, दाराचे आणि लिफ्टचे माप कागदावर लिहून न्या. दुसरी, बैठकीची उंची बसणाऱ्याच्या गुडघ्याएवढी हवी. पाय जमिनीला टेकावेत, गुडघे कमरेच्या वर जाऊ नयेत आणि उठताना धरायला हात असावेत. तिसरी, स्वस्त सामान पुष्कळदा लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचे असते आणि पाणी मुरले की ते फुगते. आपल्याकडचा पावसाळा लक्षात ठेवा आणि अशा कपाटाखाली बादलीभर पाण्याने फरशी धुऊ नका. चौथी सर्वांत महत्त्वाची. खणांची उंच कपाटे भिंतीला पक्की अडकवा. मुले उघड्या खणांवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येते. अमेरिकेत असे मुलांचे मृत्यू झाल्यावर २०१६ साली याच कंपनीला तिथे सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत बोलवावी लागली होती. आमच्याकडे मोठ्या कपाटासाठी पट्ट्या ठोकून घेतल्याशिवाय मी धाकट्याला त्या खोलीत पाऊल टाकू दिले नाही.

थोडक्यात, घरात सर्वांत म्हातारे आणि सर्वांत लहान जे माणूस असेल, त्याला दुकानात बरोबर न्या आणि आधी त्याला बसवून पाहा. कुलूप लावायचे म्हणून नव्हे, तर त्याचेही ते घर आहे म्हणून.

येत्या हळदीकुंकवाला सर्वांनी आमच्याकडे अवश्य यावे. कोचावर दोघीजणी मावतील, बाकीच्यांसाठी सतरंजी आहेच. निळी खुर्ची मात्र रिकामी मिळेल असे सांगवत नाही. तिच्यावर बसून सासूबाई आल्यागेल्याचे स्वागत करीत असतात.