आधी मैदान दाखवा, मग मत मागा
(मंडळाच्या शनवारा येथील सभेत केलेले भाषण)



आपल्या सभांत रस्ते, नळ आणि गटारे यांवर नेहमीच चर्चा होते. आज मी मुलांच्या वतीने एक मागणी मांडतो. त्यांना रोज तासभर तरी मोकळी हवा, माती आणि झाडे मिळाली पाहिजेत.

हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. पाने, बिया, खडे हेच तिथले शिकवण्याचे साहित्य. मोजणे, निरखणे, सारखे-वेगळे ओळखणे मूल हाताने शिकते. नुसत्या घोकंपट्टीने नाही.

आता डोळ्यांचे पाहा. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटे जादा बाहेर ठेवले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लांबचे कमी दिसू लागले; इतर शाळांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध नाही, खर्च नाही, फक्त दिवसाचा उजेड!

कोणी म्हणेल, ट्यूशनचे काय? तापीच्या डोहाची भीती नाही का? भीती खरी आहे. म्हणूनच मुलांना एकटे सोडू नका, वडीलधाऱ्यांनी सोबत जावे. आपल्याला काय कमी आहे? तापीमाई आहे, केळीच्या बागा आहेत, असीरगड आहे. १६१५ च्या सुमारास खानखानाच्या काळात झालेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून शहरात कसे आणले, हे तिथे उभे राहून जितके समजेल तितके पुस्तकातून समजणार नाही.

पण रोजचा तास घराजवळच मिळायला हवा. इथे राजकारण येते. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे ही नगरपालिका-महानगरपालिकांकडे सोपवायच्या कामांत नोंदली आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. म्हणजे आपण उपकार मागत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. प्रत्येक प्रभागातील मोकळ्या जागांची यादी आपण स्वतः करू. कुठे अतिक्रमण आहे, कुठे कुलूप आहे, कुठे कचरा पडतो, ते लिहू आणि अर्ज देऊन पोच घेऊ. पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार दारी येईल, त्याच्यापुढे ही यादी ठेवू. पक्ष कोणताही असो, प्रश्न एकच: आमची मुले खेळणार कुठे?

आणि रविवारी दूरदर्शन, मोबाइल बंद करून नातवंडांना घेऊन घराबाहेर पडा. ते काम नगरसेवकाचे नाही, आपले आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय मध्यप्रदेश!