मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

मुंबई व लंडन येथील विमानतळांमधील कमीत कमी हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. वर्गातील नकाशावर पट्टी ठेवून हा आकडा मिळत नाही. मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावरील सरळ रेषा सिरियाच्या बाजूने जाते आणि प्रत्यक्षात सुमारे ७,४०० किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर तो अधिक उत्तरेकडून, कास्पियन समुद्राच्या दक्षिण टोकावरून व काळ्या समुद्रावरून जातो. तोच जवळचा मार्ग होय. शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावा.

मात्र दोऱ्याचा मार्ग विमानाला मिळेलच असे नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. आज हा प्रवास विनाथांबा होतो. अडथळे आता राजकीय आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या हद्दीतून उड्डाणास मनाई केली. तो ऐन आंब्याचा हंगाम होता. वळसा पडला की इंधन अधिक जळते, आणि विमानाने जाणाऱ्या हापूसच्या पेटीचे भाडे शेवटी इंधनाशीच बांधलेले असते.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने ७,२०० किलोमीटरना आठ तास लागावेत. परंतु चढण्या-उतरण्यात व वळशात वेळ जातो. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ते जाताना समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे जाण्यास साधारणतः साडेनऊ ते दहा तास, तर येण्यास त्याहून तासभर कमी लागतो.

वेळापत्रकात मात्र उलटेच दिसते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागे असते. मुंबईहून दुपारी दोनला निघालेले विमान साडेनऊ तास उडूनही लंडनला सायंकाळी सहाला उतरते. कागदावर प्रवास चार तासांचा! तेथून रात्री नऊला निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईत पोहोचते तेव्हा येथे दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा होतो. परदेशी गेलेल्या मुलाला उतरवून घेण्यासाठी सांगली-साताऱ्याहून गाडी ठरवून येणाऱ्या कुटुंबाने तिकिटावरील निघण्याची नव्हे, पोहोचण्याची तारीख पाहावी. ती वेळ मुंबईच्याच घड्याळाप्रमाणे छापलेली असते.