मुंगीचे पंख



मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचा अंतकाळ जवळ आला, अशी समजूत खेडोपाडी रूढ आहे. मृगाच्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती घोंगावणारे व सकाळी अंगणात मरून पडलेले किडे पाहिले म्हणजे ती कोणालाही खरी वाटावी. एका खेड्यातील प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला गुरुजींनी तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्गातील एक मुलगी औषधाच्या रिकाम्या बाटलीत एक मोठी काळी मुंगी घेऊन आली. "गुरुजी, काल हिला पंख होते. हिने ते आपल्याच पायांनी मोडले, आणि ही मेली नाही," असे ती म्हणाली. आपले पंख कोणी आपणच मोडत नाही, असे म्हणून गुरुजींनी बाटली रिकामी करून येण्यास सांगितले. वर्ग हसला. मुलगी बाटली तशीच घेऊन घरी गेली.

मुलीचे म्हणणे खरे होते. राणीमुंगी मीलनानंतर आपले पंख आपणच पाडते, हे पिएर यूबेर या जिनिव्हाच्या निरीक्षकाने प्रत्यक्ष पाहून १८१० साली आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

वारुळातील नित्याच्या कामकरी मुंग्यांना पंख नसतात. ते असतात नरांना व तरुण राण्यांना. पाऊस पडून गेलेला, हवेत ऊब व दमटपणा आणि वारा पडलेला, असा योग आला म्हणजे परिसरातील अनेक वारुळांतून हे पंखवाले जीव जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात. यालाच विवाहोड्डाण म्हणतात. वेळ एक असल्याने एका वारुळाच्या राणीला दुसऱ्या वारुळाचा नर भेटू शकतो. मीलनानंतर नराचे कार्य संपते. तेव्हा लोकसमजूत नरापुरती बहुतांशी बरोबर आहे. राणीचे आयुष्य मात्र तेथून सुरू होते. ती जमिनीत लहानशी कोठडी खणते, दार बुजवते व अंडी घालते. मुंगळ्यांची राणी या काळात काहीही खात नाही. पंख हलविणारे बळकट स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते शरीरातच विरघळतात व त्यांवर पहिली पिले पोसली जातात. पंख वाया जात नाहीत, असे म्हणावयास हरकत नाही!

राणी शोधावयाची ती हवेत नव्हे, जमिनीवर. उड्डाण ओसरल्यावर एकटीच, घाईघाईने, भिंतीच्या कडेने अथवा दगडाखाली जागा शोधीत फिरणारी, जाड छातीची व मोठ्या पोटाची मुंगी दिसली, आणि छातीच्या बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा आढळल्या, तर ती राणी होय. नर लहान डोक्याचा व सडपातळ असतो.

येथे शिक्षकांचीही एक चूक वारंवार होते. दिव्याखाली पंखांचा खच पडतो तो बहुधा वाळवीचा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ व कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या व कंबर बारीक. पंख गळल्यावर वाळवीची मादी पुढे व नर मागे अशी जोडी चालते. राणीमुंगी एकटी असते. हा भेद मुलांना नुसता सांगू नये; दोन्ही किडे कागदावर ठेवून तो त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. मात्र पावसाळी अंधारात, विंचूकाट्याच्या जागी मुलांना पाठवू नये. शाळेची ओसरी व पहाटेचे अंगण पुरेसे आहे. तांबड्या मुंग्या डंख करतात, म्हणून हाताऐवजी कागदाचा तुकडा वापरावा. राण्या गोळा करण्याची शर्यत तर मुळीच नको. पक्षी, बेडूक व पाली यांच्या तोंडून थोड्याच वाचतात; वर्गाला एक पुरे.

लहान बाटलीच्या तळाशी पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, आणि तोंडाशी पुन्हा कापूस, एवढीच सामग्री लागते. बाटली आडवी ठेवून कागदाने झाकावी व आठवड्यातून एकदाच पाहावी. वरचेवर हलविल्यास राणी आपलीच अंडी खाते, आणि मुलांचा धीर नेमका येथेच सुटतो.

राणी एकटी पिले वाढवू शकते काय, हा एके काळी विद्वानांच्या वादाचा विषय होता. इंग्लंडमधील सर जॉन लबक हे पेढीवाले व पार्लमेंटचे सभासद. ऑगस्ट १८७६ मध्ये त्यांनी आपल्या बागेत उडणाऱ्या मुंग्यांच्या दोन जोड्या धरून ओलसर माती, अन्न व पाणी देऊन ठेवल्या. एप्रिल १८७७ मध्ये अंडी दिसली आणि जुलैत पहिली मुंगी पूर्ण वाढली. कामकरी मुंग्यांच्या मदतीवाचून हे घडले. विशेष हे की, तेथील नरही वसंतापर्यंत जगले. तेव्हा 'नर लगेच मरतो' हे वाक्यदेखील फळ्यावर लिहिताना 'बहुधा' हा शब्द गाळू नये.

त्या मुलीने बाटली घरच्या फडताळात ठेवली होती. ऑगस्टच्या आरंभी ती पुन्हा वर्गात आली, तेव्हा राणीभोवती पाच खुज्या मुंग्या होत्या आणि काही पिवळसर कोश. मुंग्या तोंडात धरून नेतात ती 'अंडी' पुष्कळदा हे कोशच असतात. गुरुजींनी बराच वेळ बाटली पाहिली. मग जूनमध्ये आपण जे सांगितले ते चूक होते, व कोणी बरोबर सांगितले होते, हे त्यांनी वर्गाला उभे राहून सांगितले.

शनिवारी शाळा सुटल्यावर चिंचेच्या बुंध्याशी बाटली आडवी ठेवून तोंडचा कापूस काढण्यात आला. राणी काही बाहेर आली नाही. एक खुजी मुंगी तेवढी तोंडापर्यंत आली, मिशा हलवून पुन्हा आत गेली. मुले अंधार पडेपर्यंत बसून होती.