खुडणारे हात कुणाचे?



माटुंग्याच्या हॉटेलात फिल्टर कॉफी मागवून आपण तासन् तास क्रांतीवर बोलतो. बोला की. पण ती कॉफी खुडली कुणी, ते आज ऐका.

आपल्या देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातली. कोडगू, चिकमंगळूर, हासन. नोव्हेंबरच्या सुमाराला अरेबिका पिकायला लागते, मागून रोबस्टा. फळं एकदम लाल होत नाहीत. म्हणून बाई त्याच झुडपापाशी पुन्हा पुन्हा जाते, लाल तेवढं खुडते, हिरवं ठेवते. कंबरेला पिशवी, बोटं चिकट, मान दुखून आलेली. 5-6 किलो फळ खुडावं तेव्हा कुठं 1 किलो बी. आणि या कामाला म्हणायचं काय? हलकं काम! बायकी काम! झाडावर चढून सावलीच्या फांद्या छाटणं ते बाप्याचं, म्हणून त्याला दाम जास्त.

1976 साली समान वेतनाचा कायदा झाला. सारख्या कामाला सारखी मजुरी. मग कामच वाटून टाका ना, बाईचं वेगळं, बाप्याचं वेगळं. कायदा जागच्या जागी, मालकही खूष.

आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेचा 2018 चा अहवाल सांगतो, जगात कॉफीच्या शेतीतले 70 टक्क्यांपर्यंत श्रम बायांचे. आणि बायांनी चालवलेली शेतं? 20 ते 30 टक्के.

पण नुसतं ‘बाई बाई’ करून भागत नाही. मळ्याची मालकीण बाईच, आणि लाईनीतली येरवा, पणिय मजूरही बाईच. मालकिणीचं भांडण जमिनीच्या कागदावरच्या नावासाठी. ते खरंच आहे, मी नाकारत नाही. येरवा बाईकडे मुळात कागदच नाही. लाईनीतली खोली मालकाची; काम सुटलं की छप्पर सुटलं. उचल नवऱ्याच्या नावावर, फेडायची दोघांनी, चूल मात्र तिची एकटीची. वेठबिगारी 1976 साली कायद्यानं बंद झाली म्हणतात. उचलीची वही कुणी फाडली?

2016 च्या डिसेंबरात कोडगूतल्या दिड्डळ्ळीला वनखात्यानं आदिवासींच्या झोपड्या पाडल्या. त्यातली कितीतरी माणसं मळ्यांच्या लाईनीतून बाहेर पडलेली. त्या लढ्यात मुत्तम्मा नावाची आदिवासी बाई पुढं होती. मागणी होती राहायला हक्काच्या जागेची.

आता युनियनवाल्या भावांना सवाल. मजुरीच्या वाटाघाटीला तुम्ही बाप्येच का बसता? खुडणारीला बसवा. खुडणीची न् छाटणीची मजुरी एक करा, पैसे तिच्या हातात द्या, घराच्या कागदावर तिचंही नाव लावा. मागणीपत्र लिहाल तेव्हा हे पहिल्या पानावर पाहिजे, शेवटच्या नाही.