मनोरुग्णांची परिचारिका आणि तिचें शिक्षण



सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील माळशिरस तालुक्यांत एखाद्या घरच्या तरुणाचें चित्त ठिकाणावर राहिलें नाहीं, तर आप्तांनीं त्याला न्यावें कोठें? येरवड्याचें मनोरुग्णालय सुमारें दीडशें किलोमीटर दूर. सोलापूरचें शासकीय रुग्णालयही शंभराहून अधिक. देवऋषी मात्र शेजारच्या गांवींच असतो! तरीही कोणा सुज्ञाच्या सांगण्यावरून रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोंचतो, औषध सुरू होतें आणि तो शांत होऊन घरीं परततो. खरी कसोटी येथून पुढें लागते.

हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानें कधीं कधीं पहिल्या कांहीं दिवसांतच रुग्णाची मान एकीकडे वळून ताठ होते, डोळे वर चढतात. घरचीं माणसें म्हणतात, पुन्हां बाहेरचें लागलें. आणि औषध बंद होतें. वस्तुतः तो औषधाचाच दुष्परिणाम असून प्रोमेथाझिनच्या सुईनें थोड्याच वेळांत उतरतो. लिथियम घेणाऱ्याची गोष्ट याहून नाजूक आहे. चैत्राच्या उन्हांत शेतीचें काम करतांना अंगांतील पाणी आटलें किंवा जुलाब झाले, कीं रक्तांतील लिथियम वाढतें. हात थरथरतात, जीभ अडखळते, तोल जातो. लोक त्याला दारू प्यालेला समजून हंसतात, आणि इकडे त्याच्या जिवावर बेतलेलें असतें. उलट, नित्य दारू पिणाऱ्यानें ती एकाएकीं सोडली, कीं दोन-तीन दिवसांनीं त्याला नसतीं माणसें दिसूं लागतात. अशा रुग्णाला ग्लूकोजची बाटली लावण्यापूर्वीं थायामिन द्यावें, हें जाणणारी परिचारिका जवळ हवी.

एवढें ज्ञान सामान्य शिक्षणांतील थोड्या आठवड्यांत कसें यावें? भोर समितीनें १९४६ सालीं दाखविलें कीं, इंग्लंडांत सुमारें ३०० लोकांमागें मनोरुग्णालयांतील एक खाट होती, तर हिंदुस्थानांत ४०,००० लोकांमागें एक. खाटाच नव्हत्या, तेथें परिचारिकांचें नांव कोण काढणार? १९५६ सालीं बंगलोरच्या संस्थेंत, म्हणजे आजच्या निम्हान्समध्यें, परिचारिकांसाठीं एक वर्षाचा विशेष अभ्यासक्रम निघाला. पुढें सामान्य परिचर्येच्या शिक्षणांत हा विषय आवश्यक ठरला. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर महाविद्यालयांत ह्या विषयाचें पदव्युत्तर शिक्षण सुरू झालें. आज एक वर्षाची पदविका आणि दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असे दोन्ही मार्ग खुले आहेत. (परिचारिका म्हणतांना पुरुष परिचारकही आलेच; हें काम केवळ स्त्रियांचें मानण्याचें कांहीं कारण नाहीं.)

परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याची व्याख्या पाहावी. मनोरुग्णपरिचर्येची पदविका घेतलेली आणि केवळ सामान्य परिचर्येची पदविका घेतलेली, दोघीही त्यांत 'मानसिक आरोग्य परिचारिका' म्हणून बसतात. शिकलेलीं माणसें थोडीं, म्हणून दार रुंद ठेविलें असेल. तें समजूं शकतें. पण दोघींना एकच नांव मिळणार असेल, तर घरदार सोडून वर्षभर पुन्हां विद्यार्थिनी कोण होईल? त्याच कायद्यानें रुग्णाला सांखळीनें बांधण्यास पूर्ण बंदी केली आहे, आणि अन्य रीतीनें जखडणें हा केवळ तातडीच्या धोक्यांतील शेवटचा उपाय मानला आहे. सांखळी काढली, कीं तिच्या जागीं शब्द लागतो. आणि खवळलेल्या माणसासमोर कोठें उभें राहावें, आवाज किती खालीं आणावा, केव्हां गप्प बसावें, हें जाणत्याच्या हाताखालीं महिनोन्महिने काढल्यावांचून येत नाहीं. 'जीव द्यावासा वाटतो काय?' असें उघड विचारल्यानें तो विचार मनांत रुजतो, ही समजूत खोटी आहे. तरी प्रश्न ओठांवर येत नाहीं. तो विचारण्याचाही सराव करावा लागतो.

म्हणून विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेसाठीं तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत स्वतंत्र जागा हवी, आणि त्या जागेवरून तिला बाळंतपणाच्या कक्षांत हलवूं नये. महिन्याचें औषध न्यावयास कोण आला नाहीं, याची यादी तिच्या हातीं असावी. चार दिवस वाट पाहून तिनें त्याच्या घरीं जावें. उन्हाळा लागण्यापूर्वीं लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरीं पाण्याची आणि रक्ततपासणीची गोष्ट तिनें बजावून यावी.

तोंवर ज्यांच्या घरीं असा रुग्ण आहे, त्यांनीं १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक लिहून ठेवावा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मात्र मान वळून ताठ झाली किंवा तोल जाऊं लागला, तर दूरध्वनीवर वेळ न दवडतां रुग्णाला थेट रुग्णालयांत न्यावें, आणि त्याच्या औषधांची चिठ्ठी बरोबर घ्यावी.