डिस्कोच्या गायिका आणि आपली 1981ची बॅच
(साठीनिमित्त भरलेल्या स्नेहमेळाव्यात पहिल्या दिवशी केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. चौकशी केली तेव्हा कळलं की गुडघेदुखी, गुंतवणूक आणि अध्यात्म हे तिन्ही विषय आधीच वाटले गेले आहेत. उरला डिस्को. सर, काळजी करू नका, नाचून दाखवणार नाही.

आपण दहावीत गेलो ते 1980 साल. त्याच वर्षी 'कुर्बानी' आला. त्या चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण 'आप जैसा कोई' हे एक गाणं मात्र बिद्दू या लंडनमध्ये काम करणाऱ्या संगीतकाराचं. झीनत अमान पडद्यावर होती, म्हणून गाणाराही आवाज तसाच कुणा मोठ्या बाईचा असेल असं आपल्याला वाटायचं. प्रत्यक्षात ती पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी होती. नाझिया हसन. जन्म कराचीचा, 3 एप्रिल 1965. म्हणजे आपण इथे बीजगणिताची प्रमेयं घोकत होतो, तेव्हा आपल्याच वयाची एक मुलगी लंडनमध्ये माइकसमोर उभी होती. 1981 साली, आपल्या बोर्डाच्या वर्षी, तिला त्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं.

तिचा आवाज आठवून बघा. हरकती नाहीत, ताना नाहीत, किंचित नाकातून येणारा, जवळ बसून बोलल्यासारखा. गाण्याची तालीम घेतलेल्या आपल्या घरातल्या मंडळींनी 'याला काय गाणं म्हणतात?' असं विचारलं होतं. पण त्या मुलीच्या आवाजात आपल्याला आपलं वय ऐकू येत होतं. हिंदी सिनेमात तोवर पंधरा वर्षांच्या मुलीसाठी पन्नाशीची गायिका गात असे.

मुळात डिस्को आला कुठून? अमेरिकेतल्या नाचघरांतून. प्रत्येक मात्रेवर बेस ड्रमचा ठोका, मिनिटाला साधारण 120 ठोके. आणि या गाण्यांत पुढे होत्या बायका, बहुतेक कृष्णवर्णीय. 1977 साली डोना समरनं म्युनिकमध्ये 'आय फील लव्ह' गायलं, तेव्हा साथीला जवळजवळ सगळा सिंथेसायझरच होता. ग्लोरिया गेनरची गोष्ट तर आपल्या सगळ्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावी अशी आहे. 1978 साली तिनं 'आय विल सर्व्हाइव्ह' गायलं ते पाठीला पट्टा लावून, कारण आधी ती स्टेजवर पडून जायबंदी झाली होती. कंपनीनं ते गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं. नाचघरांत रेकॉर्ड लावणाऱ्यांनी ती उलटी केली आणि मागची बाजू वाजवायला सुरुवात केली. 1980 साली त्याला ग्रॅमी मिळालं, डिस्को रेकॉर्डिंगसाठीचं. ते बक्षीस त्या एकाच वर्षी दिलं गेलं, नंतर तो विभागच बंद झाला. कारण 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग रचून तो स्फोटानं उडवण्यात आला होता. तिकडे डिस्को मोडीत निघाला, आणि आपल्याकडे तेव्हाच तो जोरात आला.

आपल्याकडे तो आणणाऱ्यांत एक होत्या उषा उथुप. जन्म मुंबईतला, 1947चा, घर तमिळ. शाळेत त्यांना गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं, कारण आवाज जाड. त्याच आवाजानं त्यांनी 1969च्या सुमारास मद्रासच्या नाइटक्लबमध्ये गायला सुरुवात केली, अंगावर साडी, कपाळावर ठसठशीत टिकली. मग कलकत्त्याचं ट्रिंकाज. मग 'हरी ओम हरी', 'रंभा हो' आणि 1982च्या 'डिस्को डान्सर'मधलं 'कोई यहाँ नाचे नाचे'. नाइटक्लबमध्ये गाणारी बाई कशी असते याबद्दल लोकांच्या डोक्यात जे काही होतं, ते त्यांनी वाद न घालता, कांजीवरम नेसून पुसून टाकलं.

हे मी सांगतेय त्याला कारण आहे. आपल्या वर्गात एका मुलीचा आवाज असाच घोगरा होता. समूहगीताला तिला मागच्या रांगेत उभं केलं गेलं आणि नुसते ओठ हलव म्हणून सांगितलं गेलं. गॅदरिंगला तिला 'आप जैसा कोई' म्हणायचं होतं. 'मुलींनी असली गाणी म्हणायची नाहीत' एवढ्यावर तो विषय संपला. कुणी सांगितलं ते महत्त्वाचं नाही, त्या काळी दहापैकी नऊ घरांत हेच सांगितलं गेलं असतं. ती इथेच बसली आहे, नाव घेत नाही. तिनं पुढे नोकरी केली, दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं आजारपण काढलं. मध्यंतरी फोनवर मला म्हणाली, 'चाळीस वर्षांत मी स्वयंपाकघरातसुद्धा मोठ्यानं गुणगुणले नाही.'

नाझियानं आपला भाऊ झोहेबबरोबर 1981 साली 'डिस्को दीवाने' काढली, मग 'बूम बूम', 'यंग तरंग', 'हॉटलाइन' आणि 1992 साली 'कॅमेरा कॅमेरा'. मधल्या काळात तिनं लंडनमध्ये कायद्याची पदवी घेतली, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं. गाणं हळूहळू मागे पडलं. 13 ऑगस्ट 2000 रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं ती गेली. वय 35. आपण तेव्हा घराचे हप्ते आणि मुलांचे शाळाप्रवेश यांत गळ्यापर्यंत बुडालेले होतो. तिला चाळिशीचा चष्मासुद्धा लागला नाही, आणि आपण साठीचे केक कापतोय.

म्हणून मला वाटतं, ती उरलेली पंचवीस वर्षं आपल्याला मिळाली आहेत. त्यांचं काय करायचं ते आपण ठरवायचं. उषाताईंना 'सात खून माफ'मधल्या 'डार्लिंग'साठी रेखा भारद्वाज यांच्यासह फिल्मफेअर मिळालं तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. आपल्याला अजून चार वर्षं आहेत!

उद्या संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम आहे. यादी मी पाहिली. पुरुषांची नावं अकरा, बायकांची दोन, आणि त्या दोघीही 'भक्तिगीत' लिहून मोकळ्या झाल्या आहेत. भक्तिगीतं म्हणाच. पण ज्यांना तेव्हा दुसरं काही म्हणायचं होतं, त्यांनी आज रात्री जेवणानंतर माझ्याकडे नावं द्यावीत. सूर लागला नाही तरी चालेल, श्वास पुरला नाही तरी मध्येच थांबा, आम्ही टाळ्या वाजवत राहू. बाईंनी परवानगी दिली आहे, मी सकाळीच विचारून ठेवलंय. आणि मागच्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणी, पहिलं नाव तुझं लिहिलंय. खोडायचं असेल तर स्टेजवर येऊन माइकमध्ये मोठ्यानं सांग.